मुलांसोबत बागेत नादभिंत उभारताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सार्वजनिक बागेत हाताने वाजवायची, ढकलायची, फिरवायची एखादी कलाकृती मुलांच्या सहभागातून उभी करायची असे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी कलाकार चित्र काढतो, मग फॅब्रिकेटरकडे काम जाते, मग मुलांना रंगवायला बोलावले जाते आणि उद्‌घाटनाच्या आठवडाभर आधी कुणाला तरी आठवते की व्हीलचेअरसाठी रॅम्प राहिला आहे. मग घाईने रॅम्प होतो, ब्रेलची एक पाटी ठोकली जाते आणि काम सर्वांसाठी खुले झाले असे जाहीर होते. या क्रमाने झालेल्या कामात दिव्यांग मुले पाहुणी म्हणून येतात आणि बाकीची मुले रंगारी म्हणून. हातात असलेला निधी आणि मनातली कळकळ दोन्ही खरी असूनही असे होते, कारण क्रम चुकलेला असतो. पुढील टप्पे त्यासाठीच लिहिले आहेत. उदाहरण म्हणून पाइपांची नादभिंत, म्हणजे आघात केला की वेगवेगळे सूर देणारे पाइप ओळीने लावलेली भिंत, घेतली आहे, कारण ती एका लहान गावातल्या फॅब्रिकेटरकडूनही करून घेता येते आणि तिला वीज लागत नाही.

१. वेळापत्रक आणि गट

या कामाला किमान सहा-सात महिने लागतात आणि ते जुलैपासून मोजणे सोयीचे ठरते. शाळा सुरू होऊन मुलांच्या शिकवण्यांच्या वेळा तोवर नक्की झालेल्या असतात. पावसाळ्यात जागेवर पाणी कुठे साचते ते डोळ्यांनी दिसते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वेल्डिंग आणि रंगकाम नीट होते. आणि जानेवारीअखेर काम संपले की दहावी-बारावीच्या परीक्षांना धक्का लागत नाही.

गट १२ ते १५ जणांचा आणि वय १३ ते १८ असावे. त्यांत किमान पाच मुले दिव्यांग असावीत आणि त्यांच्या गरजा एकमेकांपेक्षा वेगळ्या असाव्यात. एकच दिव्यांग मूल घेतले तर त्याला दर बैठकीत सगळ्यांच्या वतीने बोलावे लागते आणि थोड्याच दिवसांत ते यायचे थांबते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. सर्वांचे प्रतिनिधी मिळणार नाहीत, पण अंध किंवा अल्पदृष्टी, कर्णबधिर, चालण्यात वा हात वापरण्यात अडचण असलेली, स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुले एकत्र आली तर बहुतेक चुका कागदावरच लक्षात येतात. बागेच्या शेजारच्या वस्तीतली मुले विसरू नका, कारण ती भिंत रोज वाजवणार आहेत आणि मोडली तर आधी त्यांनाच कळणार आहे.

पैशांच्या अंदाजपत्रकात पहिल्या तीन ओळी मुलाचे आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीचे रिक्षाभाडे, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे मानधन आणि खाणे यांच्या असाव्यात. शेवटी उरले तर देऊ, असे ठरवले की हेच पैसे आधी कापले जातात. दुभाषी दोन लागतात, कारण एकाच माणसाचे हात आणि लक्ष वीस-तीस मिनिटांपलीकडे तितके चोख राहत नाही.

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाचीही स्वतंत्र घ्या. मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि वैयक्तिक माहितीविषयीचा २०२३ चा कायदा, दोन्ही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतात. सहभाग, छायाचित्र आणि पाटीवर नाव, या तीन गोष्टींची संमती तीन वेगळ्या ओळींत विचारा. छायाचित्राला नाही म्हणणारे मूल गटात मात्र हक्काने असू शकते. कोणत्याही बैठकीत किमान दोन प्रौढ हजर असावेत.

*तपासणी:* पहिल्या बैठकीआधी प्रत्येक घरी दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारा: यायला, बसायला, समजून घ्यायला आणि स्वच्छतागृहाला जायला तुमच्या मुलाला किंवा मुलीला काय लागते? स्वच्छतागृहाचे दार व्हीलचेअरला पुरत नसेल तर बैठकीची जागा बदला.

२. कोणता निर्णय कोणाचा, हे आधी लिहा

मुलांना काय वाटते हे विचारायचे आणि ठरवायचे मात्र मोठ्यांनीच, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी सवय आहे. संशोधक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मुलांना सजावटीपुरते किंवा नावापुरते वापरणे त्याच तीन पायऱ्यांत येते. तिथे अडकायचे नसेल तर पहिल्याच बैठकीत तीन मोठे कागद लावा आणि मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्यावर बदलू न शकणाऱ्या गोष्टी लिहा: एकूण रक्कम, सुरक्षिततेची मापे, महापालिकेने किंवा नगरपालिकेने दिलेल्या जागेची हद्द. दुसऱ्यावर एकत्र ठरवायच्या गोष्टी: बागेतली नेमकी जागा, साहित्य, टप्प्यांच्या तारखा. तिसऱ्यावर फक्त मुलांनी ठरवायच्या गोष्टी: भिंत काय करेल, कशी वाजेल, कोणते रंग, कोणते शब्द. तिसऱ्या कागदावरचा निर्णय तुम्हाला आवडला नाही तरी बदलू नका. तेवढे धैर्य नसेल तर ती बाब तिसऱ्या कागदावर लिहूच नका.

मतदान हात वर करून घेऊ नका. अंध मुलांना किती हात वर गेले ते कळत नाही आणि बाकीची मुले गटातल्या बोलक्या मुलाकडे पाहून हात उचलतात. आम्ही प्रत्येकाला तीन चिंचोके देतो. पर्यायागणिक एक डबा असतो, त्याच्या झाकणावर ओळखू येईल असे काही चिकटवलेले असते, एकावर काथ्या, दुसऱ्यावर पॉलिश पेपर, तिसऱ्यावर बटणे, आणि डबे एका खोक्याच्या आड ठेवलेले असतात. तिन्ही चिंचोके एकाच डब्यात टाकता येतात, म्हणजे एखाद्याला मनापासून काही हवे असेल तर तेही मोजले जाते. मोजणी अंध मुलांनी करावी आणि मोठ्याने करावी.

*सावधान:* बोलणे आणि दाखवणे एकाच वेळी करू नका. कर्णबधिर मूल दुभाष्याकडे पाहत असेल तर त्याला तुमचे चित्र दिसत नाही. आधी सांगा, थांबा, मग दाखवा. बोलणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे, आणि 'हे', 'तिकडे', 'असे' हे शब्द टाळून वस्तूचे नाव घ्यावे.

३. जागा निवडणे

जागा गटासोबत पाहा आणि तीही भर पावसाळ्यात पाहा. फाटकापासून सुरुवात करा, भिंत जिथे होणार आहे तिथून नव्हे. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून अनेक बागांच्या फाटकांत आडवेतिडवे लोखंडी पाइप किंवा फिरते फाटक बसवलेले असते आणि त्यातून व्हीलचेअर जातच नाही. माझ्या पहिल्या कामात आम्ही सुंदर जागा निवडली, मापे घेतली, चित्रेही काढली आणि सहाव्या आठवड्यात व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी प्रथमच बागेत आली तेव्हा ती फाटकाबाहेरच राहिली. तिला उचलून आत नेण्यासाठी चार जण पुढे झाले. ती नको म्हणाली आणि घरी गेली. ती पुढच्या बैठकीला आली हा तिचा मोठेपणा होता. आमची चूक त्याने लहान होत नाही. फाटकाचा प्रश्न सुटेपर्यंत आम्ही भिंतीचे काम थांबवले.

फाटकात किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी. चढ असेल तर रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठीही १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो; बहुतेक ठिकाणी तो निम्म्यातच उरकलेला दिसतो. भिंतीच्या दोन्ही टोकांना व्हीलचेअर वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची सपाट जागा ठेवा. वाटेवरचे पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तर त्यांची दुरुस्ती याच कामाच्या खर्चात धरा.

अंध मुलांसोबत जागेचा स्पर्शनकाशा करा. पुठ्ठ्यावर वाटेसाठी सुतळी, गवतासाठी पॉलिश पेपर, झाडांसाठी बटणे आणि पाण्याच्या नळासाठी एक बाटलीचे झाकण चिकटवले की पुरते. हा नकाशा फक्त अंध मुलांच्या हाती देऊ नका, सर्वांना द्या. एरवी बैठकीत गप्प राहणारी मुले या पुठ्ठ्यावर बोट ठेवून बोलू लागतात, हे मी दर वेळी पाहिले आहे.

आवाजाचा विचार इथेच करा, कारण नंतर जागा बदलता येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा असते. रात्री कुलूप लागणारी बाग या दृष्टीने बरी.

जागा ठरली की त्याच आठवड्यात उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. अर्जासोबत मोजमापाचा नकाशा, पाया किती खोल जाईल आणि देखभाल कोण करेल हे तिन्ही जोडा. ना-हरकत पत्र हाती येण्यास वेळ लागतो, तोवर पुढचे दोन टप्पे चालू ठेवता येतात.

*तपासणी:* पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जागेवर पाणी आहे का? दुपारी तीन वाजता सावली आहे का? उन्हात तापलेल्या पाइपला हात लावता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात तर ही भिंत सावलीशिवाय निरुपयोगी ठरेल.

४. कल्पना: आधी कृती, मग रूप

मुलांना 'काय बनवायचे?' असे विचारले की मोर, सूर्य, वीणा अशी चित्रे येतात आणि मग त्या चित्रात आवाज कुठे बसवायचा याची कसरत सुरू होते. त्याऐवजी शरीराच्या कृतींपासून सुरुवात करा: ढकलणे, टेकणे, घासणे, फुंकणे, बसणे, फिरवणे. प्रत्येक कृतीपुढे गटातले कोण ती करू शकते आणि कोण नाही हे मुलांनीच लिहावे. मग एक नियम पाळा: प्रत्येक कृतीला किमान दोन इंद्रियांना कळेल असे उत्तर मिळाले पाहिजे. वाजले तर ते दिसले किंवा हाताला जाणवलेही पाहिजे.

हा नियम कागदावर सोपा वाटतो. आमच्या गटातल्या एका कर्णबधिर मुलाने फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत धरून नमुन्यातल्या पाइपांजवळ बराच वेळ उभे राहून पाहिले आणि मग काहीच येत नाही अशी खूण केली. पाइप नीट गुंजावा म्हणून आम्ही त्याखाली रबरी वॉशर लावले होते, आणि भिंतीपर्यंत जाणारे कंपन तेच वॉशर गिळत होते. मग तो शेजारी पडलेल्या प्लायवूडच्या रिकाम्या पेटीवर बसला, कुणीतरी पेटीवर थाप मारली आणि तो ताडकन उठून पुन्हा बसला. त्या दिवसापासून भिंतीच्या आराखड्यात बसायच्या पोकळ पेट्या आल्या: एकाने थाप मारायची, शेजारी बसलेल्याला ती मांडीला आणि पाठीला जाणवते. त्या पेट्या हा आता कामाचा सर्वांत गजबजलेला भाग आहे आणि त्यावर ऐकू येणारी मुलेही तितकीच बसतात.

५. पुठ्ठ्याचा नमुना आणि अनोळखी माणसे

याच टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात. चित्र मंजूर झाले की थेट लोखंड कापले जाते, आणि एकदा वेल्डिंग झाले की चूक सुधारायला पुन्हा ग्राइंडर लागतो. त्याआधी पुठ्ठा, पीव्हीसी पाइप, बांबू आणि सुतळी यांचा पूर्ण आकाराचा नमुना करा आणि तो प्रत्यक्ष जागेवर तीन दिवस, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उभा करा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काहीही समजावून सांगू नका. मुलांनी जोडीने बसून फक्त टिपावे: पहिला हात कुठे गेला, किती वेळ थांबले, कोण जवळ येऊन परत गेले. परत जाणाऱ्यांची नोंद सर्वांत मोलाची असते.

वाजवायची काठी हा नेहमीचा घोटाळा आहे. साखळीला बांधलेली बारीक लाकडी काठी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आमच्या एका मुलाच्या मुठीत टिकत नव्हती. आधी तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केली. ती धरता आली, पण मनगट वळेना. शेवटी त्यानेच सुचवले की काठी हातात नकोच, ती भिंतीलाच बिजागरीवर असू दे, म्हणजे कोपराने, मुठीने किंवा खांद्यानेही ढकलता येईल. त्याने काठी चोरीला जाण्याचा आणि साखळी गळ्याभोवती पडण्याचा धोकाही संपला. प्रत्येक हातोड्याच्या, म्हणजे बिजागरीवरच्या या काठीच्या, पाठीला आम्ही रंगीत पत्र्याची चकती लावली. हातोडा हलला की ती दुरूनही हलताना दिसते.

स्वमग्न मुलांसोबतच्या चाचणीत आवाजापेक्षा आवाज कधी येईल हे न कळण्याचा त्रास जास्त दिसला. म्हणून एका टोकाला मंद आवाजाचे पाइप आणि दुसऱ्या टोकाला मोठे, अशी रचना करा, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशी वाट ठेवा आणि काही अंतरावर भिंतीकडे पाठ करून बसता येईल असे एक बाक द्या.

*सावधान:* नमुन्यावर आलेली दुरुस्ती 'प्रत्यक्षात करताना बघू' म्हणून पुढे ढकलू नका. नमुना बदला आणि पुन्हा एक दिवस उभा करा.

६. मापे आणि सूर

भूप रागाचे पाच स्वर घ्या: सा, रे, ग, प, ध. कोणतेही दोन-तीन पाइप एकदम वाजले तरी कानाला खटकत नाही, आणि भिंत बहुतेक वेळा एकदमच वाजवली जाणार आहे.

दोन्ही टोके मोकळी असलेल्या पाइपवर आघात केला तर स्वराची वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी निम्मी केली तर स्वर एक नव्हे, दोन सप्तके वर जातो. बासरी किंवा तारेच्या हिशेबाने पाइप कापले की सगळेच बेसूर होतात, ही चूक मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे. एकाच व्यासाचा आणि एकाच जाडीचा पाइप घेऊन सा १०० सेंटिमीटर धरला तर रे ९४.३, ग ८९.४, प ८१.६, ध ७७.५ आणि वरचा सा ७०.७ सेंटिमीटर येतो. प्रत्येक पाइप दोन-तीन मिलिमीटर जास्त लांब कापा आणि मग ऐकत ऐकत कानशीने घासून कमी करा. कमी झालेली लांबी परत येत नाही. टोकांची धार मारून ती गुळगुळीत करा. पाइप बांधायची जागा दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असते, म्हणजे १०० सेंटिमीटरच्या पाइपला २२.४ सेंटिमीटरवर, तिथे पाइप जवळजवळ हलत नाही, म्हणून बोल्टने धरला तरी गुंजतो. हातोडा मधोमध बसावा.

सगळ्या पाइपांचे मध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर एका रेषेत ठेवले तर लहान मूल, उभा प्रौढ आणि व्हीलचेअरवरची व्यक्ती या तिघांनाही हातोडे पोहोचतात. भिंतीतून बाहेर येणारी कोणतीही वस्तू १० सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर असेल तर तिचे खालचे टोक जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आत असले पाहिजे; नाहीतर पांढऱ्या काठीला ती लागत नाही आणि थेट अंगाला लागते. बोटे अडकू नयेत म्हणून ८ ते २५ मिलिमीटरच्या फटी, आणि डोके अडकू नये म्हणून साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटी टाळा. बिजागरीजवळची फट हातोड्याच्या प्रत्येक स्थितीत मोजा, फक्त तो स्थिर असताना नव्हे.

७. बनवणे आणि बसवणे

वेल्डिंग, ग्राइंडर आणि ड्रिल १८ वर्षांखालच्या कुणाच्याही हाती देऊ नका. पण गटाला फॅब्रिकेटरच्या दुकानात एकदा नक्की न्या आणि सूर जुळवताना त्यांनाच ऐकू द्या. किनाऱ्याजवळच्या गावांत साधे लोखंड खाऱ्या हवेने लवकर गंजते, म्हणून तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील परवडत असेल तर तेच घ्या. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेले, वापरा, नाहीतर रोजच्या हादऱ्यांनी ते महिन्याभरात सैल पडतात. पेट्या मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या, करा आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवा.

पाटीवर देवनागरीतील उठावाची अक्षरे आणि मराठी ब्रेल, दोन्ही द्या, कारण सगळ्या अंध व्यक्ती ब्रेल वाचतात असे नाही. पाटी डोक्यावर नको; कमरेच्या जरा वर, तिरपी बसवा, म्हणजे मनगट न मुरडता बोट फिरते. ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो, आणि १५ ऑगस्टच्या आधी बागेतले लोखंड ऑइलपेंटने रंगवताना रंगाऱ्याचा ब्रश त्यावरून फिरला की ती पाटी कायमची मुकी होते. पाटी रंग न लागणाऱ्या स्टीलची करा आणि माळ्याला व मुकादमाला हे प्रत्यक्ष बोट ठेवून सांगा.

*तपासणी:* पाटी बसवण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या दोन व्यक्तींकडून ती वाचून घ्या. उलटी बसवलेली किंवा आरशातल्यासारखी उमटलेली ब्रेल पाहणाऱ्याला कळत नाही.

८. उघडणे आणि सांभाळणे

उद्‌घाटनात भाषणे पंधरा मिनिटांत आटोपा आणि दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी, उजेडात उभा करा. मंचाला रॅम्प नसेल तर मंच नको, सगळेच जमिनीवर उभे राहा. पहिला हातोडा पाहुण्यांनी नव्हे, गटाने ठरवलेल्या मुलाने किंवा मुलीने ढकलावा.

एकूण रकमेतून दहा-पंधरा टक्के पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी बाजूला काढून ठेवा, आणि ही रक्कम बांधकामात वळवू देऊ नका. जास्तीचे दोन हातोडे, दहा नट-बोल्ट, वॉशर आणि योग्य मापाचा पाना असा एक डबा माळ्याच्या खोलीत ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाहायच्या गोष्टी एका कागदावर लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा: सैल नट, गंज, फुटलेली कड, साचलेले पाणी, बंद पडलेली बिजागरी.

एक महिन्याने तोच गट त्याच जागी पुन्हा जमवा, पुन्हा जोडीने बसवा आणि पुठ्ठ्याच्या नमुन्याच्या वेळी केल्या होत्या तशाच नोंदी घ्यायला सांगा. आमच्या भिंतीवर त्या दिवशी असे दिसले की सर्वांत खालच्या सुराचा पाइप कुणी वाजवत नव्हते, कारण त्याच्यासमोर कुंडी आणून ठेवली होती. मुलांनी माळीकाकांशी बोलून ती दोन हात सरकवून घेतली.